जुन्या ट्रान्समीटरच्या मागच्या जॅकमधून चार्जिंग होत नाही: चार्जर बिघडला की पॅक? आणि १८६५० सेलबद्दल

गिरगाव_ग्लायडर

नमस्कार मंडळी,

घरात मॉडेल विमानं उडवायचे दोन ट्रान्समीटर (हातात धरायचे रेडिओ रिमोट) आहेत, आणि दोन्हींच्या चार्जिंगबद्दल नीट समजून घ्यायचं आहे.

पहिला फुताबा कंपनीचा सहा चॅनलचा, जुना, सेकंडहँड. आत आठ सेलचा ९.६ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड बॅटरी पॅक आहे, लेबलवर २००० एमएएच (मिलीअँप-तास, म्हणजे क्षमता). मूळ पॅक ६०० चा होता, हा नंतर कोणीतरी बसवलेला. सोबत भिंतीत लावायचा अडॅप्टर आहे, अमेरिकेहून आलेला. त्याला दोन वायरी आहेत, एक ट्रान्समीटरसाठी आणि एक विमानातल्या रिसीव्हरच्या पॅकसाठी. ट्रान्समीटरच्या वायरीसमोर ९.६ व्होल्ट, ५० मिलीअँप लिहिलंय. तो अजून लावलेला नाही. माझ्याकडे बी६ जातीचा बॅलन्स चार्जर आहे, म्हणजे बॅटरीचा प्रकार निवडता येणारा आणि लिथियम पॅकमधले सेल सारख्या व्होल्टेजवर आणणारा. त्याची केबल ट्रान्समीटरच्या मागच्या जॅकमध्ये घातली की दोन सेकंदांत ‘कनेक्शन ब्रेक’ असं दाखवून तो थांबतो.

दुसरा रेडिओमास्टर टीएक्स१६एस. त्यात १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल टाकायचे आहेत. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ९८०० एमएएच लिहिलेले सेल फारच स्वस्तात दिसले. ते चालतील का? आणि यूएसबीने ट्रान्समीटरमध्येच चार्ज करावेत की बाहेर काढून?

राहायला चाळीत, एकच खोली आणि वर पोटमाळा. रात्री चार्जिंगला लावून झोपलं तर चालेल का, हेही सांगा.

कथील_आणि_फ्लक्स

आधी तो अडॅप्टर बाजूला ठेवा आणि त्याच्या मागचं बारीक अक्षरातलं ‘इनपुट’ वाचा. तिथे १२० व्होल्ट एवढंच लिहिलं असेल तर आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो घालायचा नाही. या जुन्या अडॅप्टरमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर असतो. दुप्पट व्होल्टेज मिळालं की तो तापून जळतो, आणि जळण्याआधी पॅकमध्ये नको तेवढा करंट ढकलतो. मोबाइलच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, त्यामुळे सगळेच अडॅप्टर तसे असतात असा समज होतो.

तो २३० व्होल्टचा निघाला तरी या पॅकला पुरणार नाही. ५० मिलीअँपचा अडॅप्टर मूळच्या ६०० एमएएच पॅकसाठी होता. मंद चार्जिंगमध्ये आत घातलेलं सगळं साठत नाही, म्हणून क्षमतेच्या साधारण १.४ पट घालावं लागतं. ६०० ला १.४ ने गुणून ५० ने भागा, सतरा तास येतात, म्हणजे रात्रभर ठीक. २००० च्या पॅकला हाच हिशोब लावला तर ५६ तास होतात. रात्रभर लावून सकाळी उचललेला पॅक चतुर्थांशाच्या थोडाच पुढे गेलेला असतो. मग ‘पॅक टिकत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

आता ‘कनेक्शन ब्रेक’. चार्जरही ठीक आहे आणि पॅकही बहुधा ठीक असेल. अशा अनेक ट्रान्समीटरमध्ये चार्जिंग जॅक आणि पॅक यांच्यामध्ये एक डायोड असतो. जॅककडून पॅककडे करंट जातो, उलट येत नाही. केबलची मोकळी टोकं एकमेकांना लागली तर पॅक शॉर्ट होऊ नये म्हणून तो ठेवलेला आहे. साधा अडॅप्टर काही तपासत नाही, तो नुसता करंट ढकलतो, म्हणून त्याला डायोडचा अडथळा नाही. तुमचा चार्जर मात्र सुरुवातीला पॅकचं व्होल्टेज बघतो. डायोडमुळे त्याला ते दिसत नाही आणि समोर काहीच जोडलेलं नाही असं समजून तो थांबतो.

खात्री करायची तर मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, ट्रान्समीटर बंद ठेवा, आणि जॅकच्या आतल्या पिनवर व बाहेरच्या कड्यावर प्रोब टेकवा. पॅक आत जोडलेला असून शून्याच्या आसपास आकडा आला तर डायोड आहे, किंवा फ्यूज गेलाय. पॅकचं पूर्ण व्होल्टेज दिसलं तर डायोड नाही, आणि मग जास्त जपायचं. केबलचे केळीप्लग (बनाना प्लग, चार्जरकडची टोकं) आधी चार्जरला लावायचे आणि गोल पिन नंतर ट्रान्समीटरला. काढताना उलट. क्रम चुकला आणि मोकळे केळीप्लग एकमेकांना लागले तर पॅकमधून दहा-वीस अँप सहज वाहतात. त्या वाटेतली सर्किट बोर्डावरची तांब्याची बारीक पट्टी क्षणात जळते.

पिनची ध्रुवताही बघा. फुताबाच्या जॅकमध्ये मधली पिन धन असते, जेआर कंपनीच्या जॅकमध्ये मधली पिन ऋण. तयार केबल दोन्ही पद्धतीच्या मिळतात आणि दिसायला हुबेहूब सारख्या असतात. विकत घेतलेली प्रत्येक केबल मीटरने तपासूनच लावावी.

काही जण डायोडवर वायर डकवून तो वगळतात. माझं स्पष्ट मत आहे की ते करू नका. पॅक बाहेर काढा. मागचं झाकण सरकवून कनेक्टर सोडवायला अर्धं मिनिट लागतं. पॅकच्या कनेक्टरला जुळणारी एक केबल करून घ्या आणि बी६ ला थेट पॅक जोडा. त्यात आणखी एक फायदा आहे: डायोडमधून पॅक डिस्चार्ज करता येत नाही, बाहेर काढल्यावर त्याची खरी क्षमता मोजता येते.

सेटिंग असं ठेवा. प्रोग्राम एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड), मोड ऑटो नको, मॅन्युअल. ऑटोमध्ये चार्जर करंट स्वतः ठरवतो आणि ट्रान्समीटरच्या बारीक वायरींसाठी तो कधी कधी जास्त असतो. २००० एमएएचच्या पॅकला १ अँप. पीक (सेल भरल्यावर व्होल्टेज उतरू लागतं ती जागा) ओळखण्याची संवेदनशीलता प्रतिसेल ५ मिलिव्होल्टच्या आसपास. सेफ्टी टायमर १५० मिनिटं, क्षमतेची मर्यादा २४०० एमएएच. शेवटचे दोन्ही आकडे घातल्याशिवाय सुरू करू नका. पीक हुकला तर चार्जर थांबवणारं दुसरं काहीच उरत नाही.

एक अँपच का, अर्धा किंवा पाव का नाही? निकेलचा सेल भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं आणि चार्जर ती उतरण शोधत असतो. करंट क्षमतेच्या निम्मा किंवा त्याहून जास्त असेल तर उतरण ठळक येते. २०० ते ४०० मिलीअँपला ती इतकी सपाट होते की चार्जरला सापडतच नाही. ‘हळू चार्ज केलं की सुरक्षित’ हे पीक शोधणाऱ्या चार्जरला लागू पडत नाही. हळू करायचं असेल तर दहाव्या हिश्श्याने, म्हणजे २०० मिलीअँपने, १४ ते १६ तास घड्याळ लावून. नाहीतर निम्म्या करंटने, पीक शोधून. मधला पल्ला टाळा. मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारी खोलीच पस्तिशीला गेलेली असते. तापलेल्या सेलमध्ये ही उतरण आणखी बुजते, म्हणून निकेलचं चार्जिंग त्या दिवसांत सकाळी करावं.

शेवटाकडे पॅक कोमट होणं ठरलेलंच आहे, तीच तो भरल्याची खूण. पण त्यावर बोट ठेववत नसेल तर लगेच बंद करा.

आणि प्रोग्राम निवडताना दोनदा वाचा. या पॅकवर चुकून तीन सेलचा लिपो (लिथियम पॉलिमर) प्रोग्राम लागला तर चार्जर १२.६ व्होल्टची वाट बघत बसतो. आठ सेलचा निकेल पॅक बहुधा तिथवर पोचतच नाही. करंट चालूच राहतो, पॅक तापतो, आतला दाब वाढून सेलची व्हेंट (दाब सोडणारी झडप) उघडते. उलट चूक याहून घातक आहे. लिथियमच्या सेलवर एनआयएमएच प्रोग्राम लावला तर चार्जर उतरण शोधत राहतो, लिथियममध्ये ती येत नाही, आणि सेल ४.२ व्होल्टच्या पुढे चढत जातो. त्याचा शेवट आगीत होतो.

टेस्लाचा_शेजारी

वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त १८६५० चं लिहितो.

९८०० चे सेल घेऊ नका. १८ मिलीमीटर व्यास आणि ६५ मिलीमीटर लांबीच्या नळकांड्यात तेवढी क्षमता बसतच नाही. चांगल्या कंपन्यांचे नेहमी मिळणारे सेल २५०० ते ३५०० च्या दरम्यान असतात. लेबलवर ९८०० छापणाऱ्याने आत काय भरलंय ते कोणालाच ठाऊक नसतं. दुकानात छोटा वजनकाटा मागा. अस्सल सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. ३०-३५ ग्रॅमचा निघाला तर परत ठेवा. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढून नवं वेष्टन चढवलेले सेलही बाजारात फिरतात. त्यांचं वजन बरोबर भरतं, पण क्षमता निम्मीसुद्धा उरलेली नसते. म्हणून घरी आणल्यावर बी६ वर ४.२ पर्यंत भरून अर्ध्या अँपने ३.० व्होल्टपर्यंत उतरवा आणि एमएएच वाचा.

लांबीही बघा. आत संरक्षक सर्किट असलेला सेल ६८ ते ७० मिलीमीटरचा असतो. तो ट्रान्समीटरच्या बॅटरी ट्रेमध्ये दाबून बसवला तर स्प्रिंग वाकते किंवा टोकाचं वेष्टन फाटतं. वेष्टनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण तिकडे बघतच नाहीत. १८६५० चा संपूर्ण धातूचा डबा ऋण असतो, अगदी धन टोकाच्या खांद्यापर्यंत. धन बटण आणि तो खांदा यांच्यात जेमतेम एक-दोन मिलीमीटर अंतर असतं. मध्ये कागदी पांढरी चकती आणि वरून प्लास्टिकचं पातळ वेष्टन, एवढंच संरक्षण. तिथे नखाएवढी चीर पडली आणि ट्रेची पट्टी तिला लागली की सेल सरळ शॉर्ट. सेल बदलताना प्रत्येक वेळी धन टोक उजेडात फिरवून बघा. चीर दिसली तर सेल वापरायचा नाही. नवी चकती आणि श्रिंक वेष्टन लॅमिंग्टन रोडलाच मिळतं, दोन मिनिटांचं काम आहे.

दोन्ही सेल एकाच मेकचे, एकदमच घेतलेले हवेत. बसवण्याआधी दोन्ही वेगवेगळे ४.२० पर्यंत भरून घ्या. दोघांत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावली तर एकूण ८.४ दिसतात, पण आत एक ४.३५ वर आणि दुसरा ४.०५ वर असू शकतो.

यूएसबीने चार्ज केलेलं चालतं. टीएक्स१६एसला दोन यूएसबी सॉकेट आहेत. वरचा डेटासाठी आणि खालचा चार्जिंगसाठी. ट्रान्समीटर बंद ठेवायचा, ५ व्होल्ट २ अँपचा साधा मोबाइल चार्जर वापरायचा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल आणि फास्ट चार्जर यांच्या जोडीने काही ट्रान्समीटर चार्जच होत नाहीत. अशा वेळी एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून बघा. महिन्यातून एकदा सेल बाहेर काढून दोन्हींचं व्होल्टेज मोजा. फरक वाढत चालला असेल तर जोडी बदलायची वेळ आली.

बी६ वर करायचं असेल तर एक गोष्ट माहीत हवी. त्यातला लिआयन प्रोग्राम प्रतिसेल ४.१ ला थांबतो, लिपो ४.२ ला. दोन सेल ८.२ वर थांबले तर तो बिघाड नाही. थोडी क्षमता कमी मिळते, पण सेलचं आयुष्य वाढतं. मी तर तोच प्रोग्राम सुचवीन. बॅलन्स लीड (प्रत्येक सेलचं व्होल्टेज चार्जरला दाखवणारी बारीक वायर) लावूनच.

मग ट्रान्समीटरच्या सेटिंगमध्ये बॅटरी उतरल्याचा अलार्म ७.० व्होल्टला ठेवा. आधी मल्टीमीटरने पॅक मोजून हार्डवेअरच्या पानावर आकडा जुळवून घ्या. मूळ आकडाच ०.३ ने चुकीचा असेल तर अलार्मला काही अर्थ उरत नाही.

गिरगाव_ग्लायडर

दोघांचे मनापासून आभार. अडॅप्टरवर ‘इनपुट १२० व्होल्ट’ एवढंच आहे, तो बाजूला काढला. जॅकवर शून्य आलं, म्हणजे डायोड आहे. पॅक बाहेर काढून मोजला तर ९.१ व्होल्ट. वेष्टन कापून एकेक सेल मोजला: सात सेल १.२४ च्या आसपास, एक ०.४१. तेवढा एकच सेल बदलता येईल का? की सरळ लिथियमच बसवू?

कथील_आणि_फ्लक्स

एकच सेल बदलू नका. जुन्या सात सेलमध्ये नवा आठवा घातला तर त्यांची क्षमता जुळत नाही. उतरताना सगळ्यात कमी क्षमतेचा सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे सात त्याच्यातून करंट ढकलत राहतात. त्याची ध्रुवता उलटते आणि तो कायमचा जातो. तुमचा ०.४१ चा सेल त्याच वाटेवर आहे.

एक संधी मात्र द्या. २०० मिलीअँप, १६ तास, टायमर लावून. या मंद चार्जिंगमध्ये भरलेले सेल थोडी उष्णता सोडत थांबून राहतात आणि मागे पडलेला त्यांना गाठतो. मग दोन दिवस तसाच ठेवून पुन्हा एकेक मोजा. सगळे १.३ च्या वर आणि एकमेकांच्या जवळ असतील तर ४०० मिलीअँपने ८.० व्होल्टपर्यंत उतरवा आणि एमएएच बघा. १५०० च्या वर आले तर पॅक वापरा. तो एक सेल पुन्हा खाली बसला असेल तर पॅक गेला. दुरुस्तीच्या नादाला लागू नका.

नवा घ्यायचा तर कमी स्वयंउतार असलेले, एनेलूपसारखे आठ सेल, टॅब (जोडणीच्या पातळ पट्ट्या) वेल्ड करून घ्या. साधा निकेल पॅक नुसता पडून महिन्याभरात पाव भाग उतरू शकतो. या सेलमध्ये वर्षभरानंतरही तीन-चतुर्थांशाहून जास्त उरतं. सेलच्या टोकावर थेट सोल्डरिंग गन लावायची नाही. आतलं प्लास्टिकचं सील वितळतं आणि सेल काही आठवड्यांत गळायला लागतो.

लिथियमचं म्हणाल तर तीन सेलचा लिपो या ट्रान्समीटरला नको. भरल्यावर १२.६ व्होल्ट होतात, आतला रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) ताज्या निकेल पॅकच्या ११-११.५ व्होल्टसाठी आहे, तो जास्त तापतो. तीन सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट बसतो. भरल्यावर १०.९५, थोड्या वेळात दहाच्या आसपास स्थिरावतो. पण त्याचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. जुन्या ट्रान्समीटरचा निकेलसाठीचा अलार्म वाजेपर्यंत हातात एक-दोन मिनिटं उरतात. त्यामुळे ट्रान्समीटरच्या टायमरवर उडवायचं, अलार्मवर नाही.

असा बदल केलात तर मागचा जॅक त्याच दिवशी कायमचा बंद करा. आतली वायर सोडवा, बाहेर चिकटपट्टी लावा आणि ‘आत लिथियम’ असं मार्करने लिहा. उद्या दुसऱ्या कोणी निकेलचा अडॅप्टर त्यात घातला तर तो थांबणार नाही. जॅकमधून बॅलन्स तर होतच नाही.

सॅटिन_कव्हरिंग

हा धागा नवीन लोकही वाचतील म्हणून एक भर. फ्लायस्काय एफएस-आय६ सारख्या ट्रान्समीटरमध्ये चार पेन्सिल सेल लागतात आणि चार्जिंगची सोयच नसते. त्यात १४५०० हे लिथियम सेल हमखास घातले जातात, कारण आकार अगदी पेन्सिल सेलएवढा असतो. चार भरलेले १४५०० म्हणजे १६.८ व्होल्ट. सहा व्होल्टचा ट्रान्समीटर चालू करताक्षणी जातो.

त्यात निकेलचे रिचार्जेबल घाला. चार मिळून ४.८ व्होल्ट होतात, म्हणून भरलेले असूनही पडद्यावर बॅटरी निम्मी दिसते. घाबरू नका, अलार्म ४.२ ला आहे. चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजणारा घ्या. स्वस्तातले चार्जर दोन-दोनच्या जोडीने चार्ज करतात आणि जोडीतला एक नेहमी ज्यादा भरतो. साधे अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालूच नका. आत वायू तयार होतो, सेल गळतो आणि ते पाणी ट्रान्समीटरच्या स्प्रिंगा खाऊन टाकतं.

टेस्लाचा_शेजारी

जागेचा प्रश्न राहिला. रात्री झोपून लिथियम चार्ज करायचं नाही, मग चार्जर कितीही चांगला असो. एका खोलीत तर मुळीच नाही. पोटमाळ्यावरही नको. तिथे उष्णता साठते, गाद्या आणि जुने कपडे जवळ असतात, आणि धूर झाला तर शिडीवरून वर जावं लागतं. मोरीच्या किंवा ओट्याच्या कोरड्या लादीवर ठेवा, गॅसच्या सिलिंडरपासून दूर. आजूबाजूला हातभर काही नको. दाराच्या वाटेत ठेवू नका, कारण काही झालं तर तुम्हाला त्याच दाराने बाहेर पडायचंय. ट्रान्समीटरच्या बॅगेत ठेवून तर कधीच नाही, फोममध्ये सेलची उष्णता अडकते.

सेल फुगला, फुसफुस आवाज आला किंवा गोडसर रसायनाचा वास आला तर पहिलं काम भिंतीवरचं बटण बंद करणं. सेलला हात लावू नका. आग लहान असेल तर भरपूर पाणी ओतत राहा, पेला-दोन पेले नाही. लिथियम-आयनच्या सेलला थंड करण्यासाठी पाणीच लागतं, पण वीज बंद केल्यावरच. धूर कोंडला तर थांबू नका, सगळ्यांना गॅलरीतून खाली न्या आणि १०१ ला फोन करा.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, उडवणं जवळजवळ बंदच असतं. तेव्हा लिथियमचे सेल ट्रान्समीटरमधून काढून ३.८ व्होल्टवर ठेवा, पूर्ण भरून नाही. निकेलचा पॅक दोन महिन्यांनी एकदा चार्ज करा. आपल्या खाऱ्या दमट हवेत ट्रेच्या स्प्रिंगांवर हिरवट थर चढतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत राहा. निकेल किंवा अल्कलाइन सेल गळून पांढरी पूड जमली असेल तर ती अल्कधर्मी असते. आधी कापसावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती विरघळवा, मग अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच सेल घाला.

गिरगाव_ग्लायडर

१६ तासांच्या चार्जिंगला बी६ वर तेवढा टायमर सेट होत नाही. काही पर्याय? आणि मध्येच लाइट गेली तर?

कथील_आणि_फ्लक्स

सॉकेटमध्ये लावायचा चोवीस तासांचा खुंट्यांचा मेकॅनिकल टायमर घ्या, गिझरसाठी विकतात तसला. लाइट गेली की त्याची चकती तिथेच थांबते आणि आल्यावर उरलेला वेळ पुरा करते. पण बी६ मधोमध बंद पडला तर लाइट आल्यावर तो स्वतःहून सुरू होत नाही, पुन्हा बटण दाबावं लागतं. तेव्हा आधी किती एमएएच गेले होते ते लिहून ठेवलेलं असू द्या आणि ३२०० मधून तेवढे वजा करून उरलेलेच घाला. टायमर आठ-आठ तासांच्या दोन फेऱ्यांत लावलात तरी चालेल. हे निकेलच्या २०० मिलीअँपच्या मंद चार्जिंगपुरतंच. लिथियमला असा टायमर लावून घराबाहेर पडू नका.